शेवटची सोळा पानं

"ह्याचा शेवट कुठाय?" उत्तरेश्वरनं पुस्तक टेबलावर उघडंच ठेवलं.

दुपारचे दोन वाजले होते. उमरग्याच्या त्या वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. ग्रंथपाल प्रतीक्षानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. शिलाई सुटली होती आणि शेवटची सोळा पानं गळून गेली होती. एवढ्यासाठी हा माणूस जळकोटहून एसटीनं आला होता. तेही घाम न पुसता.

उत्तरेश्वर सतरा वर्षं फौजेत होता. मुदतीआधीच नोकरी सोडून गावी आला, आता शेती बघायचा. दर सोमवारी येऊन दोन कादंबऱ्या न्यायचा. दोन्ही कमांडोंच्या मोहिमांच्याच. वेढलेलं घर, दोरावरून उतरणारे जवान, लपलेले अतिरेकी. त्या कप्प्यातली पुस्तकं हाताळून हाताळून मऊ पडली होती. इतरांना ती का आवडतात हे प्रतीक्षाला ठाऊक होतं. एकदा हातात घेतली की पुढ्यातला चहा गार होतो. पण ज्यानं हे सगळं अंगावर झेललं, त्याला त्यात काय एवढं गोड वाटतं, हे मात्र तिला कधी उमगलं नव्हतं.

"एवढं काय त्यात, फौजीभाऊ?" ती हसून म्हणाली. "शेवटी कमांडोच जिंकतात की. दुसरं देते."

तो हसला नाही.

"जिंकत्यात ते ठाव हाय मला. त्यासाठी कोण वाचतंय? दार तोडल्यावर आत कोण घावलं, ते शेवटी लिहिलेलं असतंय. नावासकट." "आमाला न्हाय कुणी सांगितलं."

प्रतीक्षानं दुसऱ्या पुस्तकाकडं गेलेला हात मागं घेतला.

"तिकडं असंच एक घर वेढलं होतं आमी. तीनदा हाळी दिली, बाहेर या म्हणून. कुणी बोललं न्हाय. दार तोडलं. आत अंधार. कायतरी हाललं. पुढं मीच होतो." सुटलेल्या शिलाईवरून तो अंगठा फिरवत राहिला. "लगेच मागं घेतलं आमाला, गाडीत बसवलं. सायबाला इचारलं, तर म्हणाले, शाबास. तेवढंच. नऊ वर्सं झाली."

बाहेर हायवेवर एक ट्रक हॉर्न देत लांब गेला.

"तुमी वाचलंय का हे?"

"हो. नवीन आलं तेव्हाच."

"मग सांगा म्याडम. आत कोण होतं?"

खुर्ची शेजारीच होती, तरी तो उभा होता. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा.

"अतिरेकीच होता," प्रतीक्षा म्हणाली. "एकटाच. बंदूक रोखून बसला होता."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. नंतर पुस्तक तिच्यापुढं सरकवलं.

"हितं लिहून ठिवा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. दुसरं कुणी अडकून पडाया नगं."

तिनं पेन उचललं आणि ठळक अक्षरांत लिहिलं. त्यानं ते ओठ हलवत दोनदा वाचलं, हात जोडले आणि तीनच्या एसटीसाठी निघून गेला. त्या दिवशी त्यानं बदली पुस्तक मागितलं नाही.

प्रतीक्षानं पुस्तक कपाटात ठेवलं नाही. नोंदवही काढली, त्या पुस्तकाच्या नावावर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहिलं: बाद, नवी प्रत मागवू नये.

त्या सोळा पानांत, तोडलेल्या दारामागं, घरमालकाची म्हातारी आई सापडते. तिला ऐकू येत नव्हतं.