वसुधाताईंचा डबा

खटला संपला की त्याची आठवण पुसून घ्यायची, हा त्या वकिलांच्या ऑफिसचा नियम होता. अशिलांची गुपितं कुणाच्या डोक्यात राहायला नकोत. शाल्मली टिपणीस सवयीने खुर्चीत बसली आणि तिने कपाळाला आठवण पुसणारा पट्टा बांधून घेतला.

ऑपरेटर नवीन होता. तो तिच्या जुन्या नोंदी मोठ्याने वाचू लागला. "अठरा मार्च. शाल्मली टिपणीस यांची मुख्य वकील श्री. दिघे यांच्याविरुद्ध छळाची तक्रार. साक्षीदार वसुधा गद्रे. साक्ष: असं काही घडलंच नाही. तक्रार निकाली." तो गडबडला. "सॉरी मॅडम, हे वाचायचं नव्हतं वाटतं."

शाल्मलीने पट्टा काढून फेकला. नोंदीखाली आठवण पुसण्याच्या संमतीवर तिचीच सही होती, आणि तिला काहीही आठवत नव्हतं.

जेवणाच्या टेबलापाशी वसुधाताई थांबल्या होत्या. मार्चपासून त्या रोज शाल्मलीचाही डबा आणत. एवढ्या मोठ्या ऑफिसात हेच एक आपलं माणूस, असं तिला वाटायचं. साक्षीदाराची आठवण पुसायला मात्र कायद्याने बंदी होती.

"ये गं, वालाची उसळ केलीय तुझ्यासाठी."

"वसुधाताई, माझ्या तक्रारीत तुम्ही खोटी साक्ष का दिलीत?"

वसुधाताई दचकल्या नाहीत. त्यांनी शांतपणे तिचं ताट वाढलं.

"तिसऱ्यांदा विचारते आहेस," त्या म्हणाल्या. "आधी जेवून घे. मागच्या वेळी उपाशीपोटी पट्टा बांधला, तर तुला चक्कर आली होती."