उतारा

“रडणं थांबलं बघा. विंचू उतरला!” चुलतसासरे नानांनी मंतरलेल्या पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सगळं घर त्यांच्या पाया पडायला वाकलं.

कुंदाने मात्र लेकीच्या पायांना हात लावला. ते बर्फासारखे गार होते, झगा घामाने चिंब होता. “हिला दवाखान्यात नेते,” ती म्हणाली.

“सूनबाई, उतरलेला विंचू पुन्हा चढवू नकोस!” नाना गुरकावले. ती पोरीला खांद्यावर टाकून रिक्षाकडे धावलीसुद्धा.

“कळ थांबली म्हणून विष थांबत नाही, बाई. ते हृदयावर चाल करून गेलंय. आणि तुम्ही आत्ता येताय?” डॉक्टरीणबाई कडाडल्या आणि त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या हळूहळू सैल पडल्या. संध्याकाळी कुठे पोरीचे तळवे कोमट झाले.

तोवर दवाखान्यात आलेले नाना पोरीच्या खाटेवर ऐसपैस बसून भेटायला येणाऱ्यांना सांगत होते, “मी वेळेवर उतरवला, म्हणून वाचली.”

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर सासरी कुणापुढे मान वर न केलेली ती ताडकन उठली.

“विंचू गोळीने उतरला, नाना. आता तुम्ही खाटेवरनं उतरा!”