ढगाखालचा धूर

“विझव तो पाला आधी. शाळा बुडवलीस ती गच्चीवर धूर करायला?” बाबा बादली घेऊन वर आले. माझं डोकं फिरलं. “अकराला आईचं हवा तपासायचं विमान आपल्यावरून जाणारे. ती खाली लेझर सोडते, हवेतल्या धुळीधुरावर आपटून उजेड परत जातो, तिच्या पडद्यावर रेघ उमटते. तीन महिने घरी आली नाही, आपली रेघ तरी बघेल.” बाबांनी बादली खाली ठेवली. विमानाचा आवाज आला, पण मध्ये ढग म्हशीसारखा बसलेला. मी मेसेज टाकला, “धूर दिसला?” उशिरा उत्तर आलं: “कसला धूर? ढगाखालचं काहीच दिसत नाही रे. दोनला परत फिरताना नदीपलीकडच्या टेकडीवरून जाऊ, तिथे आभाळ मोकळं आहे.” बाबांनी मेसेज दोनदा वाचला. उरलेल्या ओल्या पाल्याचं पोतं खाली नेऊन स्कूटरवर ठेवलं. आता स्कूटरचा हॉर्न वाजवतायत, मला निघायला हवं.