सख्खी भाची

पंतप्रधानांनी सख्ख्या भाचीला, सिलियाला, सरकारी खटल्यांची प्रमुख म्हणजे ॲटर्नी जनरल नेमलं तेव्हा विरोधकांनी रान उठवलं. "भाची कसली मामाविरुद्ध जातेय! कुणीतरी परका नेमा."

रविवारी चर्चहून आल्यावर जेवताना मामा हळूच म्हणाले, "सिलिया, आमच्या धाकट्याला दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी धरलंय गं. तो खटला जरा..."

आमच्या बेटांवर बहिणीच्या लेकीचा मान मामापेक्षा मोठा. सिलियाने मामांच्या ताटातला डुकराचा सगळ्यात खरपूस तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला. "खटला चालणार. आणि पोलिसप्रमुखाला फोन केलास तर बघ, मामा. गप जेव."

मामा गप जेवले.



सोमवारी पंतप्रधान संसदेत म्हणाले, "विरोधकांचं म्हणणं मला मनापासून पटलंय. ॲटर्नी जनरल परकाच हवा!"