वाकडा देठ

"चित्रात देठ सरळ काढलास?" बद्रुन्निसाबाईंनी विचारलं.

"सरळच हाय, बाई." पाचवीतल्या सोनियाने सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवला नाही. "काडीवर वाटी, अन् वाटीत खोचलेल्या टाचण्या. दोन जुड्या हायेत."

टाचण्या म्हणजे त्या जिवाच्या शुंडा. एका पेशीचा हा जीव पाणभुंग्याच्या पायाला देठाने चिकटून राहतो आणि जवळ आलेल्या बारीक जिवांना शुंडांनी शोषून घेतो. भोंगवलीच्या ओढ्यातल्या भुंग्यांवर बाईंना पाच महिन्यांत असे बरेच सापडले होते. साऱ्यांचा देठ वाकडा. तसा देठ कुठल्याच पुस्तकात नव्हता. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पुण्याच्या संशोधकांना कळवलंही होतं, प्रजाती नवी दिसते म्हणून.

"सरक जरा."

बाईंनी नेहमीसारखा उजवा डोळा लावला. देठ वाकडाच होता. त्यांनी नमुन्याची काच फिरवली. देठ आडवा झाला, बाक मात्र होता तिथंच, मधोमध. त्यांनी नजर वाटीकडे नेली. देठ सरळ झाला, आणि वाटीची कड आत दबली.

डावा डोळा तळव्याने झाकून त्यांनी खिडकीकडे पाहिलं. गज मधेच वाकला होता. हात काढला, गज सरळ. पुन्हा झाकला. पुन्हा वाकला.

"माझं चुकलं का, बाई?" सोनियाने खोडरबर उचललं. "थांबा, वाकडा करते."

"खोडू नकोस." आवाज असा काही निघाला की पोर दचकली. बाईंनी तिचं मनगट धरलं. "तुझं बरोबर आहे."

"मग तुमाला कसा दिसतो?"

बाईंनी दुसऱ्या हाताने पेन्सिल घेतली आणि सरळ देठाशेजारी आपल्याला दिसणारा देठ काढला. पाच महिने काढत होत्या तसाच.

सोनियाने दोन्ही चित्रं निरखली. "माझं तर पुस्तकातल्यासारखंच हाय. त्याचं नाव लिहिते. ह्या दुसऱ्याखाली काय लिहू?"

"ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं लागेल."

सोनियाला त्यातलं काही कळलं नाही. तिने हात ओढून पाहिला.

"सोडा की बाई, दुखतंय."

बाईंना सोडवेना.