रंगवलेला स्वभाव

चिमुकल्या सैनिकांच्या युद्धखेळाच्या अंतिम सामन्यात सिल्वियाची बोटभर उंचीची अंतराळसैनिक शत्रूच्या झेंड्यापाशी पोहोचली आणि अचानक मागे वळली. पटावर पडलेल्या शत्रूच्या सैनिकाला तिनं खांद्यावर घेतलं. तेवढ्यात वेळ संपली. सिल्विया हरली.

“हे सैनिक आपण रंगवू तसेच वागतात,” समोरचा पराग म्हणाला. “मग हिला उग्र का नाही रंगवलंस?”

“ही माझी आई आहे. वसईला नर्स होती. कुणी पडलेलं दिसलं की तिला पुढं जाताच यायचं नाही. तिच्या फोटोवरून बारीक ब्रशनं रंगवली, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट.”

परागनं आपला सैनिक त्या चिमुकल्या आईच्या खांद्यावरून अलगद उतरवून घेतला.

सिल्वियानं हरलेली आई तळहातावर उभी केली आणि सगळ्या सभागृहाला दिसेल अशी उंच धरली.