घेणारा आणि सोडणारी

"उड्डाणाच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याच्या घरघरीशिवाय काही नाही. तुम्हा दोघांमधला इंटरकॉम बंद पडला होता, असं लिहू ना?" चौकशी अधिकाऱ्यांनी पेन उघडलं.

हेलिकॉप्टर चालवायला शिकवणारी शिक्षिका खिडकीकडे बघत होती. शेजारच्या खुर्चीत तिचा विद्यार्थी, म्हणजे तिचा नवराच, बुटांकडे बघत बसलेला. दाराशी मेकॅनिक. ती ‘हो’ म्हणाली, तर तिचा परवाना वाचणार होता आणि मेकॅनिकची नोकरी जाणार होती. खिडकीबाहेर हेलिकॉप्टर कुशीवर पडलं होतं, शेपूट मोडून, रुसल्यासारखं. नशीब, दोघांना नुसतं खरचटलं होतं.

"नाही साहेब. इंटरकॉम ठणठणीत होता. आमचाच अबोला होता."

मेकॅनिकला खोकल्याची उबळ आली. अधिकाऱ्यांचं पेन थबकलं. "अबोला? कशावरून?"

"सकाळी मी गाडी मागे घेत होतो," नवरा म्हणाला, "तर ही तिथंही शिकवायला लागली."

शिकवणीच्या हेलिकॉप्टरमध्ये दोघांपुढे चालवायचे सारखेच दांडे असतात. सोडणाऱ्यानं ‘घे’ म्हणायचं, धरणाऱ्यानं ‘घेतलं’ म्हणायचं, मगच हात काढायचा. पण आज आधी कोण बोलणार? उतरताना तिनं नुसती हनुवटी उडवली. घे म्हणून.

"मला वाटलं, नाक मुरडलंस."

"हवेत कोण नाक मुरडतं रे? आणि मग मान का डोलावलीस?"

"पट्टा टोचत होता!"

तिनं सोडलं होतं, त्यानं धरलंच नव्हतं. क्षणभर ते हेलिकॉप्टर कुणाचंच नव्हतं. आधी वाऱ्याचं झालं, मग मातीचं.

अधिकाऱ्यांनी हसू गिळलं. "तरी चूक ती चूकच, बाई. तुमचा परवाना सहा महिने बंद."

तिचे डोळे भरून आले. नवऱ्यानं खिशातला चुरगळलेला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला. अधिकाऱ्यांनी नाव बघितलं आणि तो पालथा घातला. तो वाजतच राहिला.

"घरून आहे," ते ओशाळून म्हणाले. "वाजू दे. कालपासून आमचंही जरा..."

शिक्षिकेनं नाक पुसलं. वाजणारा मोबाइल उचलून तिनं त्यांच्या हातात दिला.

"बोला साहेब. जमीन फार लवकर येते."